नोकरीचं वेळापत्रक आणि घरातला कुत्रा
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



मागच्या दोन वर्षांत याच मंचावर मधुमेह आणि म्युच्युअल फंड असे दोन गंभीर विषय होऊन गेले. यंदा कुत्रा. अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "गणपतीपुढे हा विषय चालेल का?" ते म्हणाले, "अहो, आपल्या सोसायट्यांमधली निम्मी भांडणं पार्किंगवरून होतात आणि निम्मी कुत्र्यांवरून. पार्किंगवर बोलायला कोणी तयार होईना." म्हणून मी उभी आहे.

तसं आपल्या देवादिकांना कुत्र्याचं वावडं नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, युधिष्ठिर तर कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला तयार नव्हता. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. (डॉक्टर म्हणून सांगायला हवं, की वाटीभर तूप कुत्र्याला सोसत नाही. भाव घ्यावा, प्रमाण घेऊ नये.) पण या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती. कुणालाही सकाळी आठची कंपनीची बस पकडायची नव्हती. माझं आजचं बोलणं ती बस पकडणाऱ्यांसाठी आहे.

मी मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, लग्नानंतर बेंगळुरूला आले आणि बावीस वर्षं इथे लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते आहे. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, कोणत्या जातीचा कुत्रा घेऊ?" मी उलट विचारते, "घरातून शेवटचा माणूस किती वाजता बाहेर पडतो आणि पहिला माणूस किती वाजता परत येतो?" समोरचे दोघं एकमेकांकडे बघतात. मग नवरा म्हणतो, सहापर्यंत येतो. बायको म्हणते, सहा? मागच्या महिन्यात एकदा तरी आलास का सहाला?

हा हिशेब कागदावर करा. नऊ तास ऑफिस, वर आउटर रिंग रोडची कृपा. जाऊन-येऊन दोन तास धरा, पाऊस पडला तर तीन. म्हणजे घराला कुलूप अकरा-बारा तास. आता त्या कुलपाच्या आत कोण आहे त्याचा विचार करा.

धडधाकट मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. त्यामुळे तुम्ही नसताना तो सारखा रडत बसलेला असतो ही कल्पना खरी नाही. त्याची हुशारीची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, आणि नोकरदार माणूसही नेमका त्याच वेळी घरी असतो. इथपर्यंत निसर्ग आपल्या बाजूने आहे. अडचण मधल्या वेळेची. मोठा कुत्रा सहा, फार तर आठ तास लघवी धरू शकतो. धरू शकतो म्हणजे धरायला लावावी असं नाही. ब्रिटनमधली 'डॉग्ज ट्रस्ट' ही संस्था तर सांगते की कुत्र्याला एका वेळी चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये. आपल्याकडे चार तासांत माणूस मराठहळ्ळीहून व्हाइटफील्डला जाऊन परत आला तरी नशीब, त्यामुळे मी लोकांना चार सांगत नाही. मी सांगते, दुपारी एक माणूस हवा. एकदा दार उघडणारा, खाली फिरवून आणणारा, पाणी बदलणारा, दहा मिनिटं त्याच्याशी बोलणारा. बारा तासांचे सहा-सहा होतात आणि बहुतेक मोठ्या कुत्र्यांचं तेवढ्यावर निभतं. सगळं घोडं अडतं ते या दुपारच्या माणसावर. तो कोण, हे कुत्रा आणण्याआधी ठरायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ घरांत ते कुत्रा आणल्यानंतर ठरतं, आणि कुणावर तरी ढकललं जातं.

कुणावर? आपल्या लोकांत बहुतेक वेळा गावाहून आलेल्या आई-बाबांवर.

हे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण समोर पहिल्या तीन रांगांत बरेच आजी-आजोबा बसले आहेत आणि त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही. सरजापूर रस्त्यावरचं एक कुटुंब आहे. दोघं नोकरीला. मुलीच्या वाढदिवसाला लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं, वर्षाने तो बत्तीस किलोंचा झाला. मिरजेहून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले. आजी सोवळ्याच्या, पूजा होईपर्यंत कुत्र्याचा वारासुद्धा नको. आजोबा एकाहत्तर वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. सुनेने सांगितलं, "बाबा, दुपारी फक्त पाच मिनिटं खाली न्या त्याला." ते नाही म्हणाले नाहीत. आपल्याकडे लेकाच्या घरी पाहुण्यासारखं राहणारे बाप नाही म्हणत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात समोरून मांजर गेलं, पट्टा आजोबांनी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलेला, आणि आजोबा फरशीवर. मनगट मोडलं.

कुत्र्याला लस द्यायला आजोबा स्वतःच आले होते, हात प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला आलात?" तर म्हणाले, "डॉक्टर, आता याला माझ्याशिवाय कोणाची सवय नाही. पण एक सांगतो. आम्हांला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण आधी एक काम केलं असतं. याला ओढू नये एवढं शिकवून घेतलं असतं."

माझ्या आजच्या भाषणातलं सर्वांत शहाणं वाक्य हेच, आणि ते माझं नाही. आई-बाबांना विचारा. आणि विचारताना 'पाच मिनिटं' म्हणू नका, खरं काय ते सांगा: रोज दुपारी, पावसातसुद्धा, लिफ्टची वाट बघण्यासकट अर्धा तास. त्यांनी हो म्हटलं तर कुत्रा आधी पट्ट्यावर न ओढता चालायला शिकलेला असू द्या, छातीचा पट्टा घ्या, ज्याचं हूक पुढे छातीवर असतं तो. त्याने ओढणं बरंच कमी होतं. दोर हाताला गुंडाळायचा नाही. तीस किलोंचं जनावर सत्तरीच्या माणसाच्या हातात देताना एवढं तर बघायलाच हवं.

दुसरी बाजूही सांगते. जयनगरमधले एक आजोबा पत्नी गेल्यावर लेकीकडे आले. कन्नड येत नाही, हिंदी सातारी वळणाची. दोन महिने खोलीतून बाहेर आले नाहीत. लेकीच्या घरी एक आठ वर्षांची पॉमेरेनियन, तिला ते फिरवायला लागले आणि महिन्याभरात त्यांना अख्खी गल्ली ओळखायला लागली. कुत्रीच्या नावाने, अर्थात. आजोबांचं नाव अजून कोणाला माहीत नाही. पण सात किलोंची पॉमेरेनियन आणि बत्तीस किलोंचा लॅब्रॅडोर यांत फरक आहे, आणि त्यांनी स्वतःहून पट्टा हातात घेतला होता, यातही.

आई-बाबा नसतील तर कामाच्या बाई. इथेही तेच. झाडू-पोछ्याच्या पगारात 'जरा त्यालाही बघा' असं घुसवायचं नाही. आधी विचारायचं, भीती वाटते का. कित्येक जणींना लहानपणी कुत्रं चावलेलं असतं. हो म्हणाल्या तर कामाचे पैसे वेगळे, वेळ ठरलेली, आणि त्यांच्यासमोर आठवडाभर दोघांची ओळख. जमलं की फार छान जमतं. माझ्याकडे येणारी एक कुत्री आजीचं मराठी, मालकाचं इंग्रजी आणि बाईंचं कन्नड असं तिन्ही समजते, आणि त्यातल्या त्यात 'बा इल्ली' म्हटलं की सर्वांत लवकर येते, कारण दुपारचा डबा बाईंच्या हातात असतो.

पैसे घेऊन फिरवणारी मुलं आता प्रत्येक भागात मिळतात. चांगली आहेत, पण पहिले काही दिवस लांबून बघा. पाच कुत्री रेलिंगला बांधून स्वतः मोबाइलवर बसलेला मुलगा मी रोज बघते. एप्रिलमध्ये दुपारी फिरवत असतील तर आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हांला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसणार. पग किंवा बुलडॉग असेल तर उन्हात न्यायचंच नाही. बसक्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लागून उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. दिवसभर सांभाळणारी पाळणाघरं असतात, तिथे आत जाऊन जागा बघू देत नसतील तर पुढचं बोलणंच करू नका. आणि लसीचं कार्ड न मागणाऱ्या पाळणाघरात तर अजिबात ठेवू नका.

आता पिल्लाबद्दल. इथे काही जणांचा हिरमोड होणार आहे.

दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय त्यात एक मिळवा, तितके तास. त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लशी, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, पुढे दर वर्षी. आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचं मन घडत असतं: माणसं, मुलं, प्रेशर कुकरची शिटी, लिफ्ट, हे सगळं त्याच काळात ओळखीचं व्हायला हवं. हे महिने त्याने बाथरूममध्ये एकटं काढले तर पुढे आयुष्यभर ते दिसतं. दोघं नोकरीला आणि घरात तिसरं कोणी नसेल, तर पिल्लू आणू नका. पहिले तीन-चार महिने घरी कोण, याचं उत्तर आधी शोधा. पाळीपाळीने घरून काम, एकाची रजा, जे काय असेल ते.

नाहीतर मोठा कुत्रा घ्या. दोन-तीन वर्षांचा, संस्थेतला, आपला देशी. लगेच सगळे म्हणतात, "पण लहानपणापासून वाढवलं तरच माया लागते ना?" अहो, इथे बसलेल्या किती सुना पंचविसाव्या वर्षी दुसऱ्या घरी गेल्या? मोठ्या कुत्र्याचा स्वभाव घेण्याआधी कळतो, तो रात्रभर धरू शकतो आणि बहुतेकांना रिकाम्या घराचं कौतुक नसतं. नोकरी करणाऱ्या घरासाठी मी डोळे मिटून हाच सल्ला देते, आणि पाचांतले चार जण तो ऐकत नाहीत.

जातीबद्दल दोनच वाक्यं. हस्की आणि सेंट बर्नार्ड बर्फाचे प्राणी आहेत, बेंगळुरूची हवा कितीही थंड म्हणा. आणि मुधोळ हाउंड, जो आपल्या मराठ्यांच्या घोरपडे संस्थानात वाढला, ज्यावर २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढलं, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण तो मोकळ्या रानात सशामागे धावायला घडलेला आहे, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दहा तास बसायला नाही.

आता सर्वांत अवघड भाग. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. घरं भरली, आणि त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात माझ्याकडे पिल्लंच पिल्लं आली. लाडाची, तुकतुकीत, दिवसभर कोणाच्या तरी मांडीवर. त्यांतल्या कित्येकांनी रिकामं घर कधी पाहिलंच नव्हतं. २०२२ नंतर कंपन्यांनी एकेक करून लोकांना परत बोलावलं, आणि दवाखान्यात फोन सुरू झाले. "डॉक्टर, शेजारी म्हणतात दिवसभर भुंकतो." "सोफा फाडला." "आम्ही गेल्याचा राग काढतो."

राग नाही, भीती आहे ती. ओळखायची खूण अशी की हा प्रकार बहुतेक वेळा तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. जुना मोबाइल दाराकडे रोखून रेकॉर्डिंग लावून जा, म्हणजे कळेल. कंटाळलेला कुत्रा झोपतो, उठतो, मग चप्पल चावतो. घाबरलेला कुत्रा दारच खरवडतो, लाळ गाळतो, घरात घाण करतो. एका बीगलने दाराची चौकट खरवडून नखांतून रक्त काढलं होतं. मालक त्याला संध्याकाळी ओरडायचे. पाच तासांपूर्वीच्या गोष्टीसाठी ओरडलेलं त्याला समजत नाही. त्याला एवढंच समजतं की माणसं जातात तेव्हा भीती आणि येतात तेव्हाही भीती.

त्याच्यावर उपाय आहे, पण तो मिनिटांनी मोजायचा. चावी उचलायची आणि परत सोफ्यावर बसायचं, दिवसातून दहा वेळा, चावीचा अर्थच निघून जाईपर्यंत. मग दाराबाहेर अर्धं मिनिट. दोन मिनिटं. पाच. तो घाबरण्याआधी परत यायचं. जाताना निरोपसमारंभ नको, आल्यावर ओवाळणी नको. जाण्याआधी त्याच्या सकाळच्या खाण्यातला थोडा भाग जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवून द्यावा. हुंगून शोधण्यात तो दमतो आणि झोपतो. फार घाबरणाऱ्यांना औषधंही असतात, पण ती डॉक्टरांकडून. हे चालू असेपर्यंत त्याला पूर्ण दिवस एकटं ठेवता येत नाही, आणि खरी ओढाताण इथेच होते. बीगलच्या मालकाने साहेबांना सांगितलं, दोन दिवस घरून काम द्या, कुत्र्यासाठी. ऑफिसात हशा झाला म्हणे. पण मिळालं. दोन दिवस तो, एक दिवस बायको, दोन दिवस पाळणाघर. चार महिने लागले. आता तो कुत्रा सकाळी नऊला स्वतःच जाऊन चटईवर पडतो.

दुसऱ्या घरात ते जमलं नाही. तीन वर्षांची कुत्री होती. नवऱ्याची बदली, बायकोची रात्रपाळी, शेजाऱ्यांची तक्रार, घरमालकाची नोटीस. त्यांनी तिला दुसऱ्या घरी दिलं, म्हैसूरला, एका निवृत्त बाईंकडे. पट्टा, वाटी, लसीचं कार्ड सगळं नीट पिशवीत भरून. त्या दोघांना नावं ठेवणारे बरेच भेटले. मी नाही ठेवणार. त्यांनी तिला हायवेवर सोडलं नाही, घर शोधलं. तशी सोडलेलीही मी पाहते, गळ्यात महागडा पट्टा असलेली.

आणखी एक सोय आपल्या लोकांनी शोधली आहे, ती म्हणजे बाल्कनी. दिवसभर बाल्कनीत बांधायचं, आडोसा नाही, पाणी सांडलेलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट आहे, की सतत साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. या कायद्यामागे संसदेत पाठपुरावा करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, म्हणजे मद्रासच्या कलाक्षेत्रवाल्या, बहुतेकांना फक्त भरतनाट्यमसाठी माहीत असतात. दुसरीकडे सोसायटीवाल्यांनाही सांगते, कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला सरसकट बंदी घालता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच तशा सूचना काढल्या आहेत. मात्र खिशात पिशवी ठेवून घाण उचलायची जबाबदारी मालकाची. ती उचलली असती तर अध्यक्षांना हा विषय सुचलाच नसता.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या आरतीनंतर घेऊ. त्याआधी फक्त या आठवड्यापुरत्या दोन सूचना. प्रसादाच्या पंचखाद्यात खिसमिस असते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल हे प्रत्येकात वेगळं असतं. तेव्हा मुलांच्या हातून खाली सांडलेलं लगेच उचला, आणि खाल्लंच तर उलटी होते का याची वाट न बघता दवाखाना गाठा. घरातली दुखण्यावरची गोळी, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्याला देऊ नका. दुसरं, विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशे आपल्या गेटवरून साडेचारला निघणार आहेत. त्याआधी कुत्र्याला फिरवून आणा, आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, गळ्यात फोन नंबरची पट्टी असू द्या, आणि घरातल्या कुणीतरी एकाने मिरवणुकीला न येता त्याच्याजवळ थांबा. तो एक कोण, हे आज रात्रीच ठरवा, आणि आजोबांना गृहीत धरू नका. त्यांना लेझीम खेळायचं आहे, मला मघाशीच सांगितलंय त्यांनी.